सेल्फची बॅटरी वेगळी, लाइटची वेगळी: मच्छीमार नौकेवर दोन बॅटऱ्या आणि सोलर

रात्रभर नांगरावर पडलेली नौका. केबिनमधला दिवा, डोलकाठीवरचा दिवा, दोन पंखे, वायरलेस, खलाशांचे पाच मोबाइल चार्जिंगला. पहाटे जाळं ओढायची वेळ होते, तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, चावी फिरवतो आणि इंजिनाकडून नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरत नाही.

मग बंदरात परतल्यावर ‘बॅटरी कमजोर झाली’ म्हणून आधीपेक्षा मोठी बॅटरी आणली जाते. दोन-चार महिने बरे जातात आणि पुन्हा तोच ‘टक्’. कारण चूक बॅटरीच्या आकारात नसते. एकाच बॅटरीवर सेल्फही आहे आणि पंखाही, ही खरी चूक. शेतकरी पेरणीचं बियाणं आणि खायचं धान्य एका कणगीत ठेवत नाही, त्यातलाच हा प्रकार. सेल्फची बॅटरी म्हणजे बियाणं. तिला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही.

हर्णैसारख्या ठिकाणी नौका धक्क्याला न लागता पाण्यातच नांगरलेल्या असतात, त्यामुळे किनाऱ्यावरून वायर आणून चार्ज करण्याचा प्रश्नच येत नाही. अशा नौकेवर दोन वेगळ्या बॅटऱ्या आणि छपरावर सोलर पॅनेल कसं बसवायचं ते इथे पाहू. उदाहरण दोन-तीन दिवसांच्या फेरीला जाणाऱ्या, १२ व्होल्टच्या फायबरच्या नौकेचं घेतलंय. मोठ्या ट्रॉलरवर २४ व्होल्ट असतात, त्यांच्याकडे शेवटी येऊ. सोलरवर आख्खी नौका चालवणं हा वेगळाच विषय. केरळात वैकम ते तवणक्कडवू मार्गावर २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची फेरीबोट सोलरवर धावते, पण तिच्या छपरावर २० किलोवॉटची पॅनेलं आहेत. आपल्याला फक्त दिवे, पंखे आणि यंत्रं चालवायची आहेत.

सेल्फ किती वीज खातो?

ऐकून आश्चर्य वाटेल इतकी कमी. सेल्फ मारताना ३०० ॲम्पिअरच्या आसपास करंट जातो, पण तो तीन सेकंदच. एक ॲम्पिअर करंट एक तास वाहिला की एक ॲम्पिअर-तास, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत एक ‘एएच’. ३०० ॲम्पिअर तीन सेकंद म्हणजे जेमतेम पाव एएच. एक मोबाइल पूर्ण चार्ज करायला याच्या पाच-सहापट वीज लागते.

म्हणजे सेल्फला साठा नको असतो, जोर हवा असतो. म्हणून ट्रकच्या किंवा इंजिनाच्या बॅटरीत पातळ प्लेटा भरपूर संख्येने असतात, त्या एका झटक्यात मोठा करंट देतात. पण हीच बॅटरी रोज रात्री अर्ध्याहून जास्त उपसली, तर त्या पातळ प्लेटांवरचा लेप झडून तळाशी गाळ होतो आणि एका हंगामात ती बाद होते. पंखे-दिव्यांच्या बॅटरीचं उलट. तिला जोर नको, रोज रिकामं होऊन रोज भरण्याची सहनशक्ती हवी. तिच्या प्लेटा जाड किंवा नळीच्या आकाराच्या, म्हणजे ट्युब्युलर असतात. दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या जातीच्या बॅटऱ्या. ट्रकच्याच दोन बॅटऱ्या आणून एक सेल्फला आणि एक लाइटला जोडली, तर लाइटची आधी मरणार हे नक्की.

आधी हिशेब, मग खरेदी

प्रत्येक उपकरण किती ॲम्पिअर घेतं आणि दिवसात किती तास चालतं, याचा गुणाकार करायचा. उपकरणावर वॉट लिहिले असतील तर १२ ने भागा. एका नौकेचा चोवीस तासांचा हिशेब साधारण असा पडतो.

फिश फाइंडर आणि जीपीएस एकत्र असलेलं सात इंची यंत्र १.२ ॲम्पिअर घेतं. ते १२ तास चाललं तर १४.४ एएच. दोन पंखे मिळून २ ॲम्पिअर, ७ तास, १४ एएच. वायरलेस नुसता ऐकत बसला तरी ०.४ ॲम्पिअर घेतो, चोवीस तासांचे ९.६. बोलताना तो साडेपाच ॲम्पिअरपर्यंत जातो, दिवसभरात वीस मिनिटं बोलणं धरलं तर आणखी १.८. डेकवरचा ३० वॉटचा एलईडी चार तास, १० एएच. मोबाइल पाच-सहा, ८ एएच. एआयएस, म्हणजे आपली नौका कुठे आहे ते आसपासच्या जहाजांना कळवणारं यंत्र, ०.२ ॲम्पिअर, चोवीस तास, ४.८. चालतानाचे लाल, हिरवा आणि पांढरा दिवे मिळून ४.८. नांगरावरचा दिवा ३.३. केबिनमधले दोन दिवे ४. तळातलं पाणी उपसणारा पंप अर्धा तास, २ एएच.

बेरीज ७७. चार्जिंग करताना होणारी गळती आणि विसरून चालू राहिलेला पंखा यासाठी वर २० टक्के धरले की ९२ एएच.

या आकड्यांत एक गोष्ट लक्षात येते. सगळा दोष दिव्यांचा नसतो. निम्म्याहून जास्त वीज पंखे, फिश फाइंडर आणि सतत चालू असलेला वायरलेस मिळून खातात. तरीही वायरलेस बंद ठेवून वीज वाचवू नका. १६ नंबरचं चॅनेल ऐकत राहणं हा त्याचा उपयोगच आहे. (डेकवरचा एलईडी म्हणजे काम दिसण्यापुरता दिवा. मासे खेचायला जनरेटरवर लावतात त्या झगझगीत एलईडींवर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली आहे.)

लाइटची बॅटरी कोणती आणि किती?

लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त उपसायची नाही. ९२ एएच हवे असतील तर २०० एएचचा साठा लागतो, म्हणजे १०० एएचच्या दोन. लिथियममध्ये ‘एलएफपी’ (लिथियम आयर्न फॉस्फेट) म्हणतात ती जात घेतली तर ८० ते ९० टक्के वापरता येते, म्हणजे १०० एएचची एक जेमतेम पुरते. १०० एएचची लेड-ॲसिड तीस किलोच्या आसपास, तेवढीच एलएफपी बारा किलोच्या आसपास. नीट वापरली तर ट्युब्युलर हजारभर वेळा भरते-उतरते, एलएफपी दोन हजारांच्या वर.

मग सरळ लिथियमच का नको? कारण ती नुसती जुनीच्या जागी ठेवून चालत नाही. इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या डायनामोच्या जोडणीपासून फ्यूजपर्यंत बरंच बदलावं लागतं. ते पुढे येईलच. ज्या नौकेची वायरिंग जुनी आहे आणि मालकाला ती उकलायची नाही, तिथे लेड-ॲसिडच बरी.

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी नौकेवर सर्रास दिसते. स्वस्त पडते आणि चालतेही. पण १५० एएचची ती बॅटरी ५५ किलोच्या पुढे, शिवाय उंच. लाटांवर नौका आडवी झाली की झाकणांतून ॲसिड बाहेर येतं. घ्यायचीच असेल तर बुटकी घ्या, फायबरच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीत ठेवा आणि पेटी पट्ट्याने नौकेच्या आडव्या लाकडाला बांधा. पट्टा ओढून पाहिल्यावर बॅटरी बोटभरही हलता कामा नये. ॲसिडमध्ये खारं पाणी गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून पेटी तळातल्या पाण्यापासून उंच हवी.

पेटीच्या झाकणाला वरच्या बाजूने हवा जायला पाइप काढा. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरी हायड्रोजन सोडते. तो हलका असल्याने वर साचतो आणि हवेत ४ टक्के झाला की एका ठिणगीने पेटतो. इंजिनाच्या खणात बॅटरी ठेवायची सवय मोडा. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि इंजिनाचा खण ५० अंशांच्या खाली क्वचितच असतो. सेल्फची बॅटरी इंजिनाजवळ ठेवावी लागते, पण खणाच्या भिंतीपलीकडे ठेवली तरी पुरे.

जोडणी

दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडल्या की व्होल्ट १२ च राहतात आणि एएच दुप्पट होतात. ही पॅरलल जोडणी. लाइटच्या दोन बॅटऱ्या अशा जोडायच्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एकाच दिवशी घेतलेल्या. जुनीसोबत नवी जोडली तर जुनी नवीला ओढत राहते.

इथे एक बारकी चूक जवळपास प्रत्येक नौकेवर सापडते. नौकेकडे जाणारी प्लस आणि मायनस अशा दोन्ही केबल पहिल्याच बॅटरीवरून घेतलेल्या असतात. पहिल्या बॅटरीचा करंट सरळ जातो, दुसरीचा जोडकेबलमधून फिरून. जोडकेबलचा रोध इवलासाच असतो, पण बॅटरीचा आतला रोधही तेवढाच इवलासा असतो. परिणाम असा की पहिली जास्त राबते आणि लवकर मरते. उपाय फुकटचा आहे. प्लस पहिल्या बॅटरीवरून घ्या आणि मायनस दुसरीवरून, म्हणजे तिरकी जोडणी. दोन्हींना वाट सारख्याच लांबीची मिळते.

सेल्फच्या आणि लाइटच्या बॅटऱ्यांचे मायनस एका जाड तांब्याच्या पट्टीवर एकत्र आणायचे. प्लस मात्र वेगळेच. तीन स्विच लागतात: सेल्फचा, लाइटचा, आणि दोन्ही प्लस जोडणारा अडीअडचणीचा तिसरा. हा तिसरा एरवी बंद. सेल्फची बॅटरी दगा देईल त्या दिवशी तो फिरवून लाइटच्या बॅटरीने इंजिन चालू करायचं आणि लगेच बंद करायचा. १-२-दोन्ही-बंद असा एकच गोल स्विच बाजारात मिळतो. तो वाईट नाही, पण सगळी मदार माणसाच्या आठवणीवर राहते. इंजिन चालू असताना कुणी तो ‘बंद’वर नेला, तर डायनामोचा करंट जाईल कुठे? व्होल्ट क्षणात उसळतात आणि डायनामोचे डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, जळतात.

पाणी उपसण्याच्या पंपाची वायर मात्र स्विचच्या आधी, थेट लाइटच्या बॅटरीवरून, स्वतःचा फ्यूज लावून घ्या. सगळे उतरून घरी गेले, स्विच बंद झाला, तरी पंप चालला पाहिजे.

दोन बॅटऱ्या, एक डायनामो

बॅटऱ्या वेगळ्या केल्या, आता दोन्ही भरणार कशा? पूर्वी दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवून भरणारा डायोडचा आयसोलेटर लावत. त्यात ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्ची पडतात, डायनामोने १४.२ दिले तर बॅटरीला १३.५ पोचतात, आणि ती कधीच पूर्ण भरत नाही. आता सोपा उपाय म्हणजे व्होल्ट पाहून जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, ज्याला व्हीएसआर म्हणतात. इंजिन चालू झालं की डायनामो आधी सेल्फची बॅटरी भरतो. ती १३.३ च्या आसपास पोचली की रिले लाइटची बॅटरी जोडतो. इंजिन बंद होऊन व्होल्ट १२.८ पर्यंत उतरले की रिले सोडतो. कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. दोन्ही बाजूंचे व्होल्ट पाहणारा रिले घेतलात तर सोलरने लाइटची बॅटरी भरल्यावर तो उरलेली वीज सेल्फच्या बॅटरीलाही देतो.

लाइटची बॅटरी लिथियम असेल तर हा रिले लावू नका. एलएफपी बॅटरी नुसती पडलेली असतानाच १३.२-१३.३ व्होल्ट दाखवते. रिलेला वाटतं चार्जिंग चालू आहे, आणि तो कधी सोडतच नाही. दोन्ही बॅटऱ्या रात्रभर जोडलेल्याच राहतात आणि वेगळं करण्याचा सगळा खटाटोप वाया जातो. दुसरा धोका डायनामोला. लेड-ॲसिड भरत आली की आपणहून कमी करंट घेते. लिथियम शेवटपर्यंत मिळेल तेवढा ओढते. ५५-६५ ॲम्पिअरचा छोटा डायनामो पूर्ण भाराने तासन्‌तास चालायला बनवलेला नसतो. इंजिन हळू फिरत असताना तर त्याचा पंखाही हळू फिरतो, आणि तो तापून जळतो. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लावायचा, डायनामोच्या निम्म्या क्षमतेचा, म्हणजे ६० ॲम्पिअरच्या डायनामोला ३० चा. तो ठरल्यापेक्षा जास्त ओढत नाही आणि इंजिन बंद होताच थांबतो.

सोलरचा खरा उपयोग

डायनामो एवढा करंट देतो, मग सोलर हवंच कशाला? उत्तर शेवटच्या २० टक्क्यांत आहे. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते. त्यानंतर ती कितीही ढकललं तरी थोडा थोडाच करंट घेते आणि उरलेल्या २० टक्क्यांना चार-पाच तास लावते. इंजिन दोन तास चालवून बंद केलं की बॅटरी ८० वरच राहते. रोज असं झालं की प्लेटांवर बसलेलं सल्फेट कडक होतं आणि पुन्हा विरघळत नाही. बॅटरी मेली असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा हेच. सोलर सकाळपासून संध्याकाळपर्यंत हळूहळू देत राहतं. त्या शेवटच्या टप्प्याला नेमकं तेच हवं असतं.

आता माप. ९२ एएच गुणिले १२.८ व्होल्ट म्हणजे सुमारे ११८० वॉट-तास. कोकणात ऑक्टोबर ते मे दिवसाला ५ तास भर उन्हाइतकं ऊन धरायला हरकत नाही. पण छापील वॉट छपरावर मिळत नाहीत. पॅनेल आडवं असतं, उन्हात ६५ अंशांपर्यंत तापतं आणि त्यातच १५ टक्के जातात, वर मिठाचा थर, दोरांच्या सावल्या, वायरमधली गळती. छापील आकड्याच्या ६५ टक्के हाती येतात असं समजा. ११८० भागिले ५ भागिले ०.६५, उत्तर ३६३. म्हणजे १८० वॉटची दोन पॅनेलं.

आता दुकानात होणारी फसगत. ती कुणी मुद्दाम करत नाही, तरी होते. घरांच्या छपरावरचं ७२ सेलचं ३३० वॉटचं पॅनेल वॉटमागे स्वस्त पडतं, आणि सोबत पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर दिला जातो. हे पॅनेल ३७ व्होल्टला सुमारे ८.८ ॲम्पिअर देतं. पीडब्ल्यूएम म्हणजे नुसता झपाट्याने उघडबंद होणारा दरवाजा. तो पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टवर आणून बसवतो. ८.८ ॲम्पिअर गुणिले १३ व्होल्ट म्हणजे ११५ वॉट. बाकीचे २१५ कुठेच जात नाहीत, तयारच होत नाहीत. ३६ सेलचं १६० वॉटचं पॅनेल त्याच कंट्रोलरवर तेवढंच देतं. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीचे व्होल्ट उतरवून त्याबदल्यात ॲम्पिअर वाढवतो. तेव्हा मोठं पॅनेल हवं असेल तर एमपीपीटीच. ३६० वॉटसाठी १२ व्होल्टवर ३० ॲम्पिअरचा कंट्रोलर लागतो. पेटीवर ‘एमपीपीटी’ छापलेले काही स्वस्त कंट्रोलर आतून पीडब्ल्यूएमच निघतात. ओळखायची खूण: भर उन्हात, बॅटरी भुकेली असताना, पॅनेलच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. बॅटरीइतकेच व्होल्ट दिसले तर तो पीडब्ल्यूएम. वर जाऊन १७-१८ किंवा ३५ च्या आसपास दिसले तर एमपीपीटी.

नौकेवर सावली हा मोठा शत्रू. पॅनेलमधले सेल एका माळेत असतात. एका सेलवर डोलकाठीची सावली पडली की अर्ध्या पॅनेलची वीज जाते. म्हणून दोन पॅनेलं एकमेकांना पॅरलल जोडा, म्हणजे एकावर सावली असली तरी दुसरं चालू राहतं. वायरलेसचा अँटेना आणि दिव्याचा खांब दक्षिणेला आहे की उत्तरेला हे बघून उपयोग नाही, नांगरावर नौका दिवसभर फिरत राहते. खांब दोन्ही पॅनेलांच्या मध्ये न ठेवता एका टोकाला घेणं एवढंच हातात असतं. आणि छपरावर जाळं सुकत टाकलं तर मग पॅनेल नाहीच असं समजा.

छपराला चिकटवायची लवचिक पॅनेलं टाळा. खालून हवा नसल्याने ती भाजून निघतात. काचेचं पॅनेल, खाली ५ सेंटिमीटर हवा, ३१६ जातीच्या स्टेनलेसचे बोल्ट. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि स्टेनलेस यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडतं. वायर केबिनमध्ये शिरण्याआधी खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडेल. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पॅनेल धुवा.

कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. कंट्रोलर १२ की २४ हे बॅटरी पाहून ठरवतो. बॅटरी नसताना पॅनेल जोडलं तर पॅनेलचे अनावर व्होल्ट पुढे जाऊन वायरलेस जळू शकतो.

मग कंट्रोलरला बॅटरीची जात सांगायची. पाण्याची लेड-ॲसिड: भरताना १४.४, भरल्यावर १३.५ व्होल्ट. बॅटरीजवळचं तापमान ४० अंश असेल तर यातून सुमारे ०.३५ व्होल्ट कमी व्हायला हवेत, नाहीतर पाणी उकळल्यासारखं उडतं. हे आपोआप करणारा तापमानाचा सेन्सर सोबत आला असेल तर तो बॅटरीच्या अंगाला चिकटवा, पेटीत लोंबकळत ठेवू नका. एलएफपी: १४.२ ते १४.४, भरल्यावर १३.४ ते १३.५, आणि ‘इक्वलाइज’, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टने भरणं, हा प्रकार पूर्ण बंद.

वायर, लग, फ्यूज

पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत ६ मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर वायर. २० ॲम्पिअरला ४ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये एक व्होल्ट गळतो, १० स्क्वेअर एमएममध्ये ०.४. तापलेलं पॅनेल १८ च्या जागी १५ व्होल्ट देत असतं आणि बॅटरीला १४.४ हवे असतात, तेव्हा हा एक व्होल्ट फार महाग पडतो. कंट्रोलर बॅटरीपासून दीड मीटरच्या आत लावा आणि तिथेही १० स्क्वेअर एमएमच. वायर कल्हई केलेल्या तांब्याची, बारीक तारांची. साधं तांबं खाऱ्या हवेत टोकापासून आत आत काळं पडत जातं, बाहेरून प्लास्टिक नवंकोरं दिसतं.

लग, म्हणजे वायर बोल्टवर आवळता यावी म्हणून तिच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा. तो बसवताना घाई होते, आणि पुढची निम्मी दुखणी इथूनच निघतात. लगच्या नळीच्या लांबीएवढंच प्लास्टिक सोला. एकही तार कापली जाऊ देऊ नका. तारा आत घातल्यावर लगच्या भोकातून तांबं दिसलं पाहिजे. षटकोनी दाब देणाऱ्या हायड्रॉलिक पकडीने दाबा, हातोडीने नाही. दाबल्यावर जोर लावून ओढा. मग आतून डिंक असलेली श्रिंक नळी चढवून तापवा, दोन्ही टोकांतून डिंक बाहेर आला की पाणी आत जायची वाट बंद. नुसती सोल्डर केलेली वायर इंजिनाच्या थरथरीने सोल्डर संपतो तिथेच तुटते.

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नाही. म्हणून तो बॅटरीच्या प्लसपासून १८ सेंटिमीटरच्या आत हवा. फ्यूजच्या अलीकडची वायर घासून उघडी पडली तर तिला वाचवणारं कुणीच नाही. लिथियमला साधा काचेचा किंवा पट्टीचा फ्यूज मुख्य जागी लावू नका. शॉर्ट झाल्यावर ती हजारो ॲम्पिअर देते, साधा फ्यूज वितळूनही ठिणगीतून करंट चालूच राहतो. तिथे ‘क्लास टी’ फ्यूज लागतो. घरातली एमसीबीसुद्धा चालत नाही. घरचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि तेव्हा ठिणगी विझते. बॅटरीचा करंट शून्यावर येतच नाही. डीसी लिहिलेलीच एमसीबी घ्या.

२४ व्होल्टच्या ट्रॉलरवर

मोठ्या इंजिनाला २४ व्होल्टचा सेल्फ असतो. दोन १२ च्या बॅटऱ्या सीरीजमध्ये, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. आता वायरलेस आणि फिश फाइंडर १२ व्होल्टचे असतील तर ते कुठून चालवतात? बहुतेक ठिकाणी खालच्या एका बॅटरीवरून वायर काढलेली दिसते. ती आधी काढून टाका.

समजा वायरलेसने रोज २० एएच खालच्या बॅटरीतून नेले. डायनामो दोन्हींना सारखाच करंट देतो, कारण माळ एकच. वरची बॅटरी आधी भरते, खालची अजून अर्धपोटी. डायनामो एकूण २८.४ व्होल्ट मोजतो, त्याला आतली वाटणी दिसत नाही. वरची १५ व्होल्टवर जाऊन पाणी उडवत राहते, खालची १३.४ वर उपाशी राहते. दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी मरतात. एका बॅटरीत दर आठवड्याला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं आणि दुसरीत नाही, असं दिसलं तर हाच आजार. उपाय २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर, दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून घेतलेला. वायरलेस बोलताना साडेपाच ॲम्पिअर घेतो, तेव्हा कन्व्हर्टर किमान १० चा, फिश फाइंडरही त्यावरच असेल तर २० चा.

२४ व्होल्टला ते ७२ सेलचं ३३० वॉटचं पॅनेल मात्र छान जुळतं, अगदी पीडब्ल्यूएमवरही. हल्लीची ४०० वॉटची १०८ अर्ध्या सेलांची पॅनेलं पाहून फसू नका. त्यांचे व्होल्ट ३१ च्या आसपास असतात, तापल्यावर २६, आणि बॅटरी भरायला २८.८ लागतात. अशी दोन सीरीजमध्ये, एमपीपीटीसोबत.

बिघडलं तर कुठे बघायचं?

चार्जिंग आणि भार दोन्ही बंद करून दोन-तीन तासांनी मोजलेले व्होल्ट खरे. लेड-ॲसिडला १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० च्या खाली गेली की नुकसान सुरू. एलएफपीचे व्होल्ट मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळपास सारखेच राहतात, तिला येणारे-जाणारे ॲम्पिअर मोजणारा शंट मीटरच हवा.

सेल्फ जड फिरतोय? कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली. बॅटरीवर १०.५ आणि सेल्फच्या बोल्टवर ९ दिसले तर बॅटरी बदलू नका, मधली केबल किंवा लग खराब आहे.

बॅटरी पडल्या पडल्या उतरतेय? सगळे स्विच बंद करा, बॅटरीची प्लस केबल सोडवा आणि मल्टिमीटर ॲम्पिअरवर ठेवून मध्ये जोडा. पाच-दहा मिलिॲम्पिअर चालतील. २०० मिलिॲम्पिअर दिसले तर रोज पाच एएच कुठेतरी गळतायत. एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडेल ती ओळ. ही गळती तळातल्या खाऱ्या पाण्यातून होत असेल तर बॅटरीपेक्षा मोठं नुकसान नौका ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचं आणि त्याच्या शाफ्टचं, तो करंट धातू खात जातो.

सोलर लावल्यापासून वायरलेसमध्ये खरखर वाढली, तर भर उन्हात पॅनेलची एमसीबी क्षणभर पाडून बघा. खरखर थांबली तर दोष कंट्रोलरचा. तो वायरलेस, अँटेनाची केबल आणि होकायंत्र यांपासून किमान एक मीटर दूर न्या आणि त्याच्या प्लस-मायनस वायरी एकमेकींना पीळ देऊन बांधा.

राहिले पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै. नौका शाकारली, म्हणजे पावसापासून झाकून ठेवली, की पॅनेलही झावळ्यांखाली किंवा ताडपत्रीखाली जातं, आणि कंट्रोलर मात्र बॅटरीतून थोडं थोडं खात राहतो. लेड-ॲसिड बॅटरी स्वतःहूनही उतरत असते, उकाड्यात जास्तच. शाकारण्याआधी पूर्ण भरा, पाण्याची पातळी प्लेटांच्या वर आणा, मग पॅनेलची आणि नंतर बॅटरीची वायर सोडवून बॅटऱ्या घरी न्या. टर्मिनल गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडे करून व्हॅसलिन लावा. महिन्यातून एकदा व्होल्ट बघा आणि १२.५ च्या खाली गेले की चार्जर लावा. एलएफपी मात्र पूर्ण भरून ठेवायची नाही, निम्म्यावर ठेवून वायरी सोडवायच्या. नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी तिला शंभर टक्के भरून मग नौकेवर चढवायची.